पडद्याआडची विद्या आणि स्वस्त संगणक

मध्य प्रदेश शासन २००९-१० पासून बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप घेण्यासाठी २५ हजार रुपये देत आले आहे. ४ जुलै २०२५ रोजी भोपाळच्या समारंभात ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. राज्य मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्के वा अधिक गुण, ही त्यासाठीची अट होती. वस्तू न देता रक्कम देण्याची ही रीत शासकीय नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला पसंत पडावी अशीच आहे. निविदा नाही, गोदाम नाही, वाटपाचा मांडव नाही. शेजारच्या उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये प्रत्यक्ष लॅपटॉपच वाटले गेले, तेव्हा यंत्र सुरू करताच पडद्यावर सत्तारूढ पितापुत्रांच्या तसबिरी उमटत असत. आपल्याकडे निदान ते टळले. परंतु रक्कम हाती दिली की निवडही हाती दिली जाते, आणि निवडीमागून बऱ्या-वाईटाचा प्रश्न येतोच. अठरा वर्षांच्या मुलाने या २५ हजारांत काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. मला तो नीतीचा वाटतो. मंडळाच्या अंकात त्याची चर्चा करण्याचे धाडस मी करतो ते अशासाठी की, त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच ग्वाल्हेरच्या इतिहासात शिरावे लागले.

बाजारात गेले की दोन प्रकारची यंत्रे दिसतात. एकात विंडोज ही प्रणाली अधिकृतपणे बसविलेली असते व तिची किंमत यंत्राच्या किमतीत मिळविलेली असते. दुसऱ्यात ती नसते. पावतीवर ‘डॉस’ किंवा ‘लिनक्स’ असे लिहिलेले असते, आणि यंत्र काही हजारांनी स्वस्त पडते. पंचवीस हजारांच्या मर्यादेत हे काही हजार मोठे असतात. दुकानदार आपणहून सांगतो, “लिनक्स-विनक्स छोड़िए, विंडोज डाल देंगे.” त्याचे दोन-तीनशे रुपये वेगळे. हे सारे इतक्या सहजतेने घडते की कोणी आवाजही खाली आणीत नाही. जो बाप मुलाला रस्त्यात सापडलेले पाकीट परत करायला लावतो, तोच बाप तिथे उभा राहून दोनशेचे शंभर करा म्हणून घासाघीस करतो.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमाचे कलम ६३-ब म्हणते की, जाणूनबुजून चोरीची आज्ञावली संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी तो वापर नसेल तर न्यायालयास कैद माफ करण्याची मुभा आहे. परंतु कलमाच्या भीतीने जो सदाचार उपजतो त्याबद्दल मला फारसे कौतुक नाही. पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितले ते दंडसंहितेच्या कितीतरी आधी. खरा प्रश्न असा की, हे अस्तेयाचे उल्लंघन आहे असे आपल्या मनाला का वाटत नाही?

लोक तीन कारणे सांगतात. पहिले, कंपनी गडगंज आहे. हे कारण विचारात घेण्याजोगे नाही. धनिकाच्या घरची चोरी ही चोरीच. दुसरे, नक्कल केल्याने मूळ वस्तू नाहीशी होत नाही. कोणाची गाय सोडून नेली तर त्याचा गोठा रिकामा होतो, आज्ञावलीची प्रत काढली तर काहीच रिकामे होत नाही. हे कारण विचार करण्याजोगे आहे व त्याकडे मी पुढे वळणार आहे. तिसरे कारण सर्वांत वजनदार: गरिबाला दुसरा मार्गच नाही. भुकेल्याने भाकरी उचलली तर स्मृतिकारांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळेच थोडे हळवे होतात. संगणकावाचून आज मुलाचे शिक्षण अडते, मग त्याने करावे काय?

या तिसऱ्या कारणाचा पायाच लिनक्सने काढून घेतला आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी, ज्याची प्रत काढण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास व वाटण्यास कोणाची मनाई नाही अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज ही प्रणाली कोणीही उतरवून घ्यावी, शंभर यंत्रांवर बसवावी, शेजाऱ्याला द्यावी. हे सारे परवान्यानेच मान्य केले आहे. गंमत अशी की हा परवाना प्रतिमुद्राधिकाराचा कायदा झुगारीत नाही. त्याच कायद्याने लेखकाला दिलेला अधिकार वापरून तो सांगतो की पुढच्या कोणालाही ही मुभा नाकारू नका. म्हणजे कायदेशीर भाकरी मांडून ठेवलेली आहे. ती पानात असताना शेजारच्या ताटातली उचलणाऱ्यास भुकेची सबब सांगता येत नाही. सांगायचीच असेल तर आवडीची सांगावी; पण आवडीला स्मृतिकारांनी सवलत दिलेली नाही.

आता ग्वाल्हेरकडे वळू. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची आख्यायिका आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ हे तानेचे बादशहा होते, आणि ती विद्या ते कोणास देत नसत. तेव्हा या मुलांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकविण्यात आले. काही काळाने त्यांनी भर दरबारात त्याच ढंगाने गाऊन दाखविले. खाँसाहेब दुखावले आणि त्यांनी दरबार सोडला, असे सांगतात. ग्वाल्हेर घराण्याचे वैभव ज्या गायकीवर उभे आहे तिच्यात या पडद्याआडच्या विद्येचा अंश आहे. ही चोरी होती का? बडे महंमदखाँ यांची तान त्यांच्या गळ्यातून नाहीशी झाली नाही. तरी ते दुखावले. आणि त्यांचे दुखावणे खोटे होते असे मला म्हणवत नाही. ज्याने आयुष्य घालून एखादी गोष्ट सिद्ध केली, तिच्यावर त्याचा काही शब्द चालावा, हे न्यायाचेच आहे. एवढ्यापुरते दुसऱ्या कारणाचे उत्तर मिळते: वस्तू नाहीशी होत नसली तरी माणसाचा शब्द डावलला जातो.

पण आख्यायिकेला दुसरी बाजू आहे. जी विद्या पडद्यामागून चोरावी लागते, ती मुळात पडद्यामागे का होती? एका शतकानंतर याचे उत्तर विष्णु नारायण भातखंडे यांनी दिले. त्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या, त्याही मराठीत. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने त्यांच्या पद्धतीचे माधव संगीत महाविद्यालय आपल्या शहरात सुरू झाले. ज्या बंदिशीसाठी शिष्याने बारा वर्षे हुक्का भरावा ती काही आण्यांच्या पुस्तकात मिळू लागली. भातखंड्यांनी कोणाचा पडदा फाडला नाही. त्यांनी पडद्याची गरज संपविली. स्टॉलमन आणि टोरवाल्ड्स यांनी केले ते याच जातीचे काम होय. विंडोजची चोरटी प्रत म्हणजे पडद्याआडून ऐकलेले गाणे. लिनक्स म्हणजे क्रमिक पुस्तक. स्वरलिपी समोर असताना पडद्यामागे बसण्याचे प्रयोजन उरत नाही.

भातखंड्यांवर तेव्हा आक्षेप घेतला गेला की पुस्तकाने गवई होत नाही. तो खरा होता, हे आपण पुढे पाहू.

स्वस्त यंत्राचे स्वप्न आपल्याकडे जुने आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, यंत्र हिंदुस्थानात बनावे आणि खेड्यातल्या झोपडीत चालावे, अशा अटी होत्या. स्वस्ताईबरोबर स्वाधीनताही हवी, हा त्या अटींचा अर्थ. २००१ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे तंत्रज्ञ यांनी ‘सिंप्युटर’ घडविला तो याच वळणाचा. लिनक्सवर चालणारे, हातात मावणारे ते यंत्र गावातल्या अनेकांनी आपापले स्मार्टकार्ड घालून पाळीपाळीने वापरावे अशी कल्पना होती. २००४ मध्ये ते विक्रीला आले आणि फारसे न खपता मागे पडले. २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग झाला. उन्हातही वाचता येणारा पडदा असलेली ती हिरवी-पांढरी यंत्रे लिनक्सवर चालत, आणि धनगरांच्या मुलांनी ती हाताळली. किंमत मात्र शंभराच्या जागी १८८ डॉलरच्या आसपास गेली. त्याच वर्षी आसुस कंपनीचा सात इंची ‘ई पीसी’ आला, आणि जानेवारी २००८ मध्ये आपल्या एच.सी.एल.ने ‘मायलीप’ सुमारे १४ हजार रुपयांत बाजारात आणला. दोन्ही लिनक्सवर चालणारे. एवढ्या किमतीत नवा लॅपटॉप हे तोवर अघटितच होते.

गरिबांसाठी त्याच काळात विंडोजनेही एक व्यवस्था केली होती, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली नैतिकदृष्ट्या सर्वांत बोलकी गोष्ट ती आहे. २००५ मध्ये भारतात हिंदीतून ‘एक्सपी स्टार्टर’ नावाची स्वस्त आवृत्ती निघाली. तिच्यात एका वेळी तीनच कामे उघडता येत. चौथे उघडू गेल्यास यंत्र नकार देई. पुढे ‘विंडोज ७ स्टार्टर’ आली, तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. लक्षात घ्या, चौथे काम उघडण्याची शक्ती त्या आज्ञावलीत नव्हती असे नाही. ती होती, मुद्दाम बांधून टाकली होती. ज्याने कमी पैसे दिले त्याला आपण कमी पैसे दिले याची दिवसातून दहा वेळा आठवण राहावी, अशी ती रचना. व्यापाराच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येते. आगगाडीलाही वर्ग असतातच. पण तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने स्वतःचे पाय बांधून बसावे अशी अट रेल्वेने कधी घातली नव्हती.

याउलट मायलीपवरचा लिनक्स आणि मोठमोठ्या संशोधनसंस्थांच्या महासंगणकांवरचा लिनक्स यांचा गाभा एकच. गरिबाची आवृत्ती वेगळी नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला तेव्हा तो संस्कृत न येणाऱ्यांसाठी कापून-छाटून आणला नाही. मुळाहून विस्तृतच केला. स्वस्त आणि हलके हे दोन शब्द आपण एकाच श्वासात वापरतो, पण त्यांत हे अंतर आहे. स्वस्त वस्तू घेणाऱ्याच्या खिशाचा विचार करते, हलकी वस्तू त्याची लायकी ठरविते.

मग हे स्वस्त यंत्र टिकले का नाही? याचे उत्तर लिनक्सच्या पुरस्कर्त्यांना आवडत नाही, पण ते दिले पाहिजे. एम.एस.आय. या तैवानी कंपनीच्या अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितले होते की, त्यांची लिनक्सवाली छोटी यंत्रे विंडोजवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत येतात. ग्राहक घरी नेई, ओळखीचे काही दिसत नसे, आणि तो यंत्र बिघडले समजून परत आणून देई. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने, इतरत्र विक्री थांबत असलेल्या एक्सपीला केवळ या छोट्या यंत्रांसाठी मुदतवाढ दिली, आणि वर्ष-दोन वर्षांत लिनक्सवाली छोटी यंत्रे दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. यात कपट कितपत आणि चातुर्य कितपत, हे ज्याचे त्याने ठरवावे. शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कथा याहून उद्बोधक आहे. पेरू देशाने ती यंत्रे लाखांनी वाटली. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासात आढळले की मुलांच्या गणितात व भाषेत त्यामुळे काही सुधारणा झालेली नाही. पुस्तकाने गवई होत नाही, तो हा आक्षेप. स्वरलिपी मोकळी झाली म्हणून गुरू अनावश्यक होत नाही. उलट आता तो पडदा धरून बसण्याऐवजी शेजारी बसू शकतो. केरळने हे ओळखले. तिथल्या शासकीय शाळांत मुक्त प्रणाली आली ती शिक्षकांच्या प्रशिक्षणासकट, आणि म्हणून ती टिकली.

चोरटी प्रत वापरणाऱ्यास आपण एका बलाढ्य कंपनीला फसविले अशी एक गुप्त मौज वाटत असते. त्याने एक गोष्ट ऐकावी. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील एका कार्यक्रमात बिल गेट्स यांनी चीनमधील चोरीबद्दल बोलताना म्हटले होते की, चोरायचेच असेल तर त्यांनी आमचेच चोरावे; त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढच्या दशकात वसुलीचा मार्ग आम्ही शोधू. हेच गेट्स १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना उघड पत्र लिहून, तुम्ही चोरी करता, असे खडसावीत होते. बावीस वर्षांत चोरीचा हिशेब बदलला होता. म्हणजे दुकानदाराकडून प्रत टाकून घेणारा मुलगा बंडखोर नाही. तो पगार न घेणारा प्रचारक आहे. त्याचे बोट, त्याची नजर, पुढे नोकरीत गेल्यावर त्याच्या कचेरीची खरेदी, सारे त्या सवयीने आधीच ठरून जाते.

आणि अधिकृत प्रत विकत घेणाऱ्याच्या हाती तरी काय येते? आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांच्या पेट्यांत शिंदेशाहीच्या सनदा असतील त्यांना वतन आणि जहागीर यांतला फरक सांगावा लागू नये. वतन पिढीजात, जहागीर मर्जीची. मध्य भारताने १९५१ मध्ये जहागिऱ्या संपविल्या, पण संगणकात ती पद्धत सुखेनैव नांदते आहे. विंडोज आपण विकत घेत नाही, वापरण्याची परवानगी घेतो. ‘विंडोज १०’ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, ‘विंडोज ११’ने नव्या प्रोसेसरची आणि एका विशिष्ट सुरक्षा-चिपची अट घातली, आणि जगभरातील असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. काही मुदतवाढ मिळते, तीही सनदेसारखीच, देणाऱ्याच्या अटींवर. ज्या घरात एकाच लॅपटॉपवर दोन मुले शिकली आणि तिसरे शिकायचे आहे, तिथे ही तारीख क्षुल्लक नसते. अशा यंत्रावर लिनक्स बसविला की ते पुढची चार-सहा वर्षे निमूटपणे काम करते.

अर्थात वाणिज्य शाखेच्या मुलाचा प्रश्न उरतो. टॅली विंडोजवर चालते, लिनक्ससाठी ती बनविलेली नाही. आणि दाल बाजारातील पेढीवर हिशेबनीसाची नोकरी हवी तर टॅली आलीच पाहिजे. त्या मुलाला तत्त्वासाठी नोकरी सोड असे सांगणे हा निवृत्तिवेतनधारकाचा उद्दामपणा होईल. त्याने विंडोज घ्यावी, पैसे मोजून घ्यावी, आणि त्यासाठी यंत्र थोडे हलक्या प्रतीचे घ्यावे लागले तर घ्यावे. शासनाच्या पैशातून चोरीचा माल तेवढा घेऊ नये. परंतु इतिहास, विज्ञान, साहित्य, संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना असली अडचण नाही. लेखन, वाचन, जालावरचे वर्ग, परीक्षांचे अर्ज, यांतले बहुतेक सारे लिनक्सवर निर्वेध होते. छपाईयंत्र कधी रुसते. ते विंडोजवरही रुसते.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट नमूद करतो. येथील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे कृतिदेव टंकाचे राज्य होते. ज्या यंत्रावर तो टंक नसे तिथे मजकुराची इंग्रजी अक्षरांत खिचडी दिसे. जुन्या मराठी टंकसंचांची हीच कथा. अक्षर आपले आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. युनिकोडने ही कोंडी फोडली, आणि त्या कामात पुण्याच्या मुक्तप्रणालीवाल्या मंडळींचा वाटा मोठा आहे. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हा देवनागरी टंक सर्वांसाठी मोकळा केला; लिनक्सचा सारा पडदा मराठीत दिसावा म्हणून तिथल्या व मुंबईतल्या अनेकांनी हजारो वाक्ये भाषांतरित केली. आज विंडोजही मराठीत दिसू शकते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र त्या भाषांतरात एखादा शब्द खटकला तर तो बदलण्याचा अधिकार ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला एकाच ठिकाणी आहे. आपल्याकडची मुले घरी मराठी बोलतात व लिहिताना हिंदीकडे वळतात. अशा मुलांपैकी कोणी तिथे दहा शब्द सुधारले तर ते पुण्याच्या पडद्यावरही दिसतील.

राहिला दुकानदार. त्याची दोन-तीनशे रुपयांची मिळकत बुडवावी असे मला वाटत नाही. मुक्त प्रणालीच्या परवान्यात मोबदला घेण्यास मनाई नाही; लिनक्स बसवून देण्याचे, छपाईयंत्र जोडून देण्याचे, ग्राहकाला अर्धा तास शिकविण्याचे पैसे त्याने उघडपणे घ्यावेत, पावती द्यावी. बाड्याजवळच्या दोघा दुकानदारांना मी हे समजावून पाहिले. एकाने पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि रविवारी ये म्हणाला. दुसरा म्हणाला, “बाबूजी, चार दिन में मशीन वापस आ जाएगी, तब आप बैठेंगे क्या दुकान पर?” त्याला मी हो म्हटले आहे, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात.